बटण ढिम्म हलत नाही तेव्हा : ॲक्सेसच्या फॉर्ममधला दोष कसा शोधावा

एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात संध्याकाळी सहाच्या सुमारास मी पोहोचलो, तेव्हा काउंटरपाशी सात-आठ सभासद हातात पुस्तके घेऊन उभे होते आणि संगणकापुढे बसलेल्या बाई 'परत जमा' असे लिहिलेल्या बटणावर पुन्हा पुन्हा क्लिक करीत होत्या. बटण जागेवर होते, त्याचा रंग नेहमीचाच होता, माउस त्यावर नेला की ते किंचित उजळतही होते. क्लिक केल्यावर मात्र काहीही घडत नव्हते. चुकीचा संदेश नाही, आवाज नाही, पडद्यावर कसली हालचाल नाही. "बटण मेलंय बघा हे," बाई म्हणाल्या. त्यांच्या मदतनीसाने तोवर संगणक तीन वेळा बंद करून चालू केला होता, फाइल दोनदा 'रिपेअर' करून पाहिली होती आणि आता ते बटण पुसून टाकून नवे बसवण्याच्या विचारात तो होता.

बटण मेलेले नव्हते. आदल्या दिवशी कोणीतरी त्याचे नाव बदलले होते, एवढेच. नाव बदलल्याने बटण मुके का होते, ते पुढे सांगतोच. त्याआधी मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते असे की, डेटाबेसच्या फॉर्ममधले एखादे कंट्रोल (म्हणजे बटण, चौकोन, यादी यांसारखी वस्तू) प्रतिसाद देत नाही तेव्हा ते कंट्रोल बिघडलेले असण्याची शक्यता फार कमी असते. बहुतेक वेळा ते सांगितल्याप्रमाणेच वागत असते. फक्त काय सांगून ठेवले आहे ते आपल्या लक्षात नसते, किंवा ते दुसऱ्या कोणीतरी सांगून ठेवलेले असते. म्हणून पुसापुशी करण्याआधी, नेमके काय होत नाही हे दोन मिनिटे शांतपणे पाहावे.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेस नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आला आणि आजही लहान संस्था, दवाखाने, दुकाने, शाळांची कार्यालये यांचे रोजचे काम त्यावर चालते. त्यातील फॉर्म हा स्वतः काहीच साठवत नाही. माहिती टेबलांत असते, टेबलांतून ती क्वेरीमार्फत, म्हणजे हवी तेवढी माहिती निवडून आणणाऱ्या प्रश्नामार्फत, फॉर्मपर्यंत येते आणि फॉर्मवरचा प्रत्येक चौकोन म्हणजे त्या माहितीच्या एका रकान्याकडे उघडणारी खिडकी असते. त्यामुळे आपण एखाद्या चौकोनात टाइप करतो किंवा बटण दाबतो, तेव्हा ती आज्ञा एकामागून एक अनेक दारांतून जाते. ही फाइल विश्वासाची आहे का, फॉर्मने बदलाला परवानगी दिली आहे का, मागची क्वेरी बदल स्वीकारते का, ते कंट्रोल चालू आहे का, आणि शेवटी त्या क्लिकशी कोणता कोड जोडलेला आहे का, अशी ही विचारणा असते. यांपैकी एक दार बंद असले, तरी बाहेरून दिसणारे चित्र एकच असते, ते म्हणजे बटण ढिम्म हलत नाही.

'चालत नाही' म्हणजे नेमके काय

'चालत नाही' या दोन शब्दांत निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्या की अर्धे काम झाले असे समजावे. चौकोनात क्लिक केल्यावर कर्सर त्यात शिरतच नसेल, तर दोष बहुधा त्या कंट्रोलच्या स्वतःच्या स्थितीत असतो, किंवा त्याच्यावर दुसरे काहीतरी पसरलेले असते. कर्सर शिरतो, आतला मजकूर निवडून कॉपीही करता येतो, पण एक अक्षर टाइप होत नाही, अशी अवस्था असेल तर संशय फॉर्मच्या परवानगीवर किंवा मागच्या क्वेरीवर घ्यावा. टाइप होते, पण चौकोनातून बाहेर पडता येत नाही, कर्सर परत परत तिथेच येतो, असे असेल तर 'बिफोर अपडेट' या प्रसंगाला जोडलेली एखादी तपासणी तो बदल नाकारत असते आणि नाकारण्याचे कारण सांगणारा संदेश लिहायला कोडकर्ता विसरलेला असतो. बटण दबल्यासारखे दिसते पण पुढे काही होत नाही, हे कोडचे दुखणे. आणि एकाच बटणापुरते न राहता सगळा ॲक्सेसच गोठल्यासारखा वाटत असेल, तर ती गोष्ट पूर्णपणे निराळी आहे.

हे पाहताना खिडकीच्या अगदी तळाशी असलेली स्टेटस पट्टी जरूर वाचावी. वर्षानुवर्षे ॲक्सेस वापरणाऱ्या लोकांचेही तिच्याकडे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण ॲक्सेस आपले कारण पुष्कळदा तिथे बारीक अक्षरांत सांगून मोकळा झालेला असतो. 'धिस रेकॉर्डसेट इज नॉट अपडेटेबल' असे वाक्य तिथे आले की दोष फॉर्मच्या मागच्या क्वेरीत आहे. 'कंट्रोल कान्ट बी एडिटेड. इट्स बाउंड टु द एक्स्प्रेशन' असे आले की तो चौकोन हिशेबाने भरला जाणारा आहे आणि त्यात हाताने लिहिता येणारच नाही. ही पट्टी दिसत नसेल, तर 'करंट डेटाबेस'च्या पर्यायांत जाऊन ती चालू करून घ्यावी.

दुसरी एक चाचणी काही सेकंदांत होते. माउस बाजूला ठेवून टॅब कीने त्या बटणापर्यंत जावे आणि एंटर दाबावे. एंटरने काम झाले पण माउसने झाले नाही, तर बटण आणि कोड दोन्ही ठीक आहेत, अडथळा फक्त माउसच्या वाटेत आहे. त्याच वाचनालयात काही महिन्यांनी नेमके हेच घडले. फॉर्मच्या वरच्या भागात 'वाचनालय सोमवारी बंद राहील' अशी सूचना लिहिलेले एक लेबल कोणीतरी बसवले होते. अक्षरे डाव्या कोपऱ्यात होती, पण लेबलाची चौकट ओढताना ती उजव्या कडेपर्यंत ताणली गेली होती आणि तिची पार्श्वभूमी पारदर्शक असल्यामुळे खालची दोन बटणे नेहमीसारखी दिसत होती. क्लिक मात्र बटणाला न मिळता लेबलाला मिळत होता, आणि लेबलाला त्याचे काही करायचे नव्हते. अशा वेळी फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये (फॉर्मची रचना बदलण्याच्या अवस्थेत) उघडून कंट्रोल (Ctrl) आणि ए या कीज एकत्र दाबाव्यात, म्हणजे फॉर्मवरील प्रत्येक वस्तूभोवती चौकट उमटते आणि कोण कोणावर बसले आहे ते उघड होते. लेबल आखूड करावे, किंवा 'अरेंज' टॅबमधील 'सेंड टु बॅक' वापरून त्याला मागे ढकलावे. पारदर्शक चौकट, रिकामी प्रतिमा किंवा 'ट्रान्स्परंट' ही प्रॉपर्टी (वस्तूचा ठरवून दिलेला गुणधर्म) 'येस' केलेले जुने बटण यांच्यामुळेही असेच होते.

माहितीच बदल स्वीकारत नसेल तर

फॉर्म बनवणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ खाणारा दोष हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. सभासदाच्या खात्याचा फॉर्म सुरळीत चालू आहे, नाव, पत्ता, वर्गणी, अनामत सारे बदलता येते, असे समजा. मग कोणाला तरी वाटते की प्रत्येक सभासदाकडे किती पुस्तके बाकी आहेत हेही त्याच फॉर्मवर दिसावे. तो फॉर्मच्या क्वेरीत देवघेवीचे टेबल आणतो, 'टोटल्स' चालू करतो, मोजणी लावतो, आकडा अगदी बरोबर येतो आणि त्या क्षणापासून फॉर्मवरचा एकही चौकोन टाइप करू देत नाही. कारण सरळ आहे. बेरीज-मोजणी करणारी क्वेरी अनेक ओळी मिळून एक ओळ बनवते आणि त्या एकत्रित ओळीत केलेला बदल मूळ कोणत्या ओळीत लिहायचा, हे ठरवता येत नाही. म्हणून ॲक्सेस ती संपूर्ण क्वेरी फक्त वाचण्यापुरती ठेवतो. पत्ता बदलण्याचा आणि पुस्तकांच्या मोजणीचा काही संबंध नाही हे आपल्याला कळते, ॲक्सेसला नाही.

हीच गत सारख्या ओळी गाळणारे 'युनिक व्हॅल्यूज' चालू केलेल्या क्वेरीची, निरनिराळ्या याद्या एकाखाली एक जोडणाऱ्या 'युनियन' क्वेरीची आणि आडव्या-उभ्या तक्त्याच्या क्रॉसटॅबची होते. दोन टेबले जोडताना 'एक' बाजूच्या टेबलाला प्रायमरी की किंवा युनिक इंडेक्स, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखण्याचे साधन, नसेल, तरीही बदल नाकारले जातात. माहिती एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर ठेवून तिथले टेबल ॲक्सेसला जोडले असेल आणि त्या टेबलाला ओळ निश्चित ओळखण्याचे साधन नसेल, तर ते टेबलही फक्त वाचता येते.

याची परीक्षा फॉर्मवर करूच नये. फॉर्मच्या 'रेकॉर्ड सोर्स'मध्ये जी क्वेरी लिहिली आहे, ती एकटी उघडावी. तक्त्याच्या शेवटी तारांकित अशी एक कोरी ओळ दिसली, तर साधारणपणे क्वेरी बदल स्वीकारते असे समजावे. ती ओळ नसेल आणि तळाचे 'नवीन रेकॉर्ड'चे बटण मंद झालेले असेल, तर चोर सापडला. मग फॉर्मवर कितीही डोके आपटले तरी उपयोग नाही, दुरुस्ती क्वेरीतच करावी लागते. वरच्या उदाहरणात उपाय असा की मोजणी क्वेरीतून काढून टाकावी आणि फॉर्मवर एक वेगळा टेक्स्टबॉक्स ठेवून त्यात 'डीकाउंट' या फंक्शनने तो आकडा आणावा. हे फंक्शन मूळ क्वेरीला हात न लावता स्वतंत्रपणे मोजते, त्यामुळे बाकीचे चौकोन पुन्हा लिहिते होतात. हजारो ओळी एकाखाली एक दाखवणाऱ्या फॉर्मवर ते संथ वाटू शकते. एका वेळी एकच सभासद दाखवणाऱ्या फॉर्मवर ती अडचण जाणवत नाही.

फॉर्मने घातलेली बंदी

क्वेरी निर्दोष निघाली, तर फॉर्मची प्रॉपर्टी शीट, म्हणजे प्रॉपर्टींची यादी, उघडून 'डेटा' हा टॅब पाहावा. तिथे 'अलाउ एडिट्स', 'अलाउ ॲडिशन्स', 'अलाउ डिलिशन्स', 'डेटा एंट्री' आणि 'रेकॉर्डसेट टाइप' अशा प्रॉपर्टी असतात. शेवटची 'स्नॅपशॉट' असेल, तर फॉर्म केवळ छायाचित्र दाखवतो, बदल घेत नाही. बाकीच्यांचा अर्थ नावातच आहे, पण 'अलाउ एडिट्स'चा एक परिणाम अनेकांना चकवतो आणि तो मी स्वतः एक अख्खी दुपार घालवून शिकलो.

चुकून माहिती बदलली जाऊ नये म्हणून आपण 'अलाउ एडिट्स' 'नो' करतो. त्याच फॉर्मच्या माथ्यावर सभासदाचे नाव निवडून त्याचे खाते शोधण्यासाठी एक कॉम्बोबॉक्स, म्हणजे खाली उघडणारी यादी, असतो. तो कोणत्याही रकान्याशी जोडलेला नसल्यामुळे त्याला ही बंदी लागू होणार नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात यादी खाली उघडते, नावे दिसतात, पण कोणतेही नाव निवडता येत नाही. ॲक्सेसच्या दृष्टीने फॉर्मवरील मूल्य बदलणे म्हणजे बदलच. ते साठवले जाणार आहे की नाही, हा भेद ही प्रॉपर्टी करत नाही. मार्ग दोन आहेत. एक म्हणजे फॉर्मची परवानगी खुली ठेवून जे चौकोन जपायचे आहेत तेवढेच 'लॉक्ड' करावेत. दुसरा म्हणजे शोधाच्या कॉम्बोबॉक्समध्ये कर्सर शिरताना कोडने परवानगी द्यावी आणि बाहेर पडताना काढून घ्यावी. मला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण दुसऱ्यात परवानगी काढून घेण्याची ओळ कधीतरी चालायची राहते आणि मग नको तेव्हा फॉर्म उघडा पडतो.

'लॉक्ड' आणि 'एनेबल्ड' या दोन प्रॉपर्टींची जोडी समजून घेणे इथे आवश्यक आहे, कारण त्यांच्या चार जुळण्या होतात आणि प्रत्येकीचे रूप वेगळे असते. 'एनेबल्ड' 'येस' आणि 'लॉक्ड' 'नो' ही नेहमीची अवस्था. दोन्ही 'येस' असतील तर कर्सर आत जातो, मजकूर कॉपी करता येतो, पण बदलता येत नाही. दोन्ही 'नो' असतील तर चौकोन राखाडी होतो, म्हणजे निदान पाहणाऱ्याला काही कळते तरी. फसवी आहे ती चौथी जुळणी. 'एनेबल्ड' 'नो' आणि 'लॉक्ड' 'येस' असेल तर चौकोन दिसतो अगदी निरोगी, पण कर्सर त्यात पाऊल ठेवू शकत नाही. एखादा चौकोन दिसायला नीट आणि वागायला दगड असेल, तर ही जुळणी सर्वांत आधी तपासावी. शिवाय फॉर्ममध्ये सबफॉर्म असेल, तर सबफॉर्म ज्या चौकटीत बसवलेला असतो त्या चौकटीलाही या दोन प्रॉपर्टी असतात, हे विसरू नये. आतले सर्व चौकोन खुले असूनही बाहेरची चौकट बंद असू शकते.

बटण आणि कोड यांची ताटातूट

आता त्या 'परत जमा' बटणाकडे परत येतो. ॲक्सेसमध्ये बटण आणि त्याचा कोड यांना बांधणारे दोन धागे असतात. पहिला धागा म्हणजे बटणाच्या 'ऑन क्लिक' या प्रॉपर्टीत लिहिलेले 'इव्हेंट प्रोसिजर' हे शब्द. दुसरा म्हणजे नाव. बटणाचे नाव 'कमांड१४' असेल, तर ॲक्सेस क्लिकच्या वेळी 'कमांड१४_क्लिक' याच नावाची प्रोसिजर, म्हणजे कोडचा तुकडा, शोधतो. वाचनालयात कोणीतरी शिस्त म्हणून बटणाचे नाव बदलून अर्थपूर्ण केले. हेतू चांगला होता, परंतु प्रोसिजरचे नाव ॲक्सेस आपणहून बदलत नाही. जुना कोड जुन्या नावाने तसाच पडून राहिला, नव्या नावाची प्रोसिजर अस्तित्वातच नव्हती, आणि अशा स्थितीत ॲक्सेस कोणतीही तक्रार न करता गप्प बसतो. बटण एका जागेवरून कापून दुसऱ्या जागी चिकटवले, तर याच्या उलट घडू शकते : कोड शाबूत राहतो आणि 'ऑन क्लिक'ची ओळच कोरी होते.

ही ताटातूट ओळखण्याची खूण फार सोपी आहे. प्रॉपर्टी शीटमध्ये 'ऑन क्लिक'च्या ओळीत जावे आणि शेवटी असलेल्या तीन टिंबांच्या बटणावर क्लिक करावे. तुमचा लिहिलेला कोड समोर आला, तर धागे जुळलेले आहेत. पहिली आणि शेवटची ओळ एवढाच रिकामा सांगाडा समोर आला, तर ॲक्सेसने तुमच्यासमोर नुकतीच नवी प्रोसिजर तयार केली आहे, म्हणजेच जुनी अनाथ झालेली आहे. त्या संध्याकाळी रिकामा सांगाडाच उघडला. तो पुसला, खाली स्क्रोल करून जुनी प्रोसिजर शोधली, तिच्या पहिल्या ओळीतले नाव बदलले, आणि रांग पुढे सरकू लागली.

मराठी मजकूर वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास सूचना द्यावीशी वाटते. ॲक्सेसचे टेबल आणि फॉर्म देवनागरी उत्तम दाखवतात, त्यामुळे बटणाचे नावही देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो. पण कोड लिहिण्याचा व्हीबीए या ॲक्सेसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेचा एडिटर युनिकोड जाणत नाही. देवनागरी अक्षरांच्या जागी तो प्रश्नचिन्हे दाखवतो, आणि जिथे नावाच्या आधाराने कोड शोधला जातो तिथे प्रश्नचिन्हांचा आधार काय कामाचा? म्हणून बटणावर दिसणारा मजकूर, म्हणजे 'कॅप्शन', खुशाल मराठीत असावा. 'नेम' या प्रॉपर्टीत मात्र रोमन अक्षरेच ठेवावीत आणि मध्ये मोकळी जागा सोडू नये.

कोड जोडलेला आहे आणि तरीही काही होत नाही, असे दिसले तर पुढची शंका विश्वासाची. फाइल ॲक्सेसच्या दृष्टीने विश्वासाची नसेल, तर टेबले, क्वेरी आणि टाइप करायचे चौकोन सुरळीत चालतात, मात्र कोडवर चालणारी सर्वच बटणे एकदम निकामी होतात. कालपर्यंत चालणारी सगळी बटणे आज एकाच वेळी बंद पडली, तर कोडकडे पाहण्याआधी रिबनखालची 'इनेबल कंटेंट' विचारणारी पट्टी दिसते का ते पाहावे. ईमेलने आलेल्या किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवते आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. फाइल कोठून आली हे आपल्याला नक्की ठाऊक असेल तरच फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करावे, आणि रोजच्या कामाचा फोल्डर 'ट्रस्ट सेंटर'मधून 'ट्रस्टेड लोकेशन' म्हणून नोंदवावा. ठाऊक नसेल तर ती बंदी तशीच राहू द्यावी; ती आपल्याच भल्यासाठी आहे.

तिसरी शक्यता म्हणजे कोड चालतो, चुकतो आणि चूक लपवतो. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ प्रोसिजरच्या सुरुवातीला लिहिली की पुढे कोणतीही चूक झाली तरी ॲक्सेस ती गिळून पुढच्या ओळीवर जातो. मला ही ओळ पाहिली की वाईट वाटते, कारण ती लिहिणाऱ्याने आपला त्रास वाचवून तो वापरणाऱ्याच्या गळ्यात घातलेला असतो. अशा वेळी एडिटरमध्ये 'टूल्स' आणि मग 'ऑप्शन्स' उघडून 'जनरल' टॅबवर 'ब्रेक ऑन ऑल एरर्स' निवडावे, म्हणजे लपलेली चूक जिथे घडते त्याच ओळीवर कोड थांबतो. तेही नको असेल तर प्रोसिजरच्या पहिल्या ओळीवर एफ९ दाबून थांबा लावावा आणि बटण दाबून पाहावे. कोड थांब्यावर येऊन थांबला, तर क्लिक इथवर पोहोचतो आहे. थांबला नाही, तर तो आधीच्याच एखाद्या दारात अडकलेला आहे. एडिटरच्या 'डीबग' मेनूतील 'कंपाइल' हा पर्यायही एकदा चालवून घ्यावा. दुसऱ्याच कोणत्या मॉड्यूलमधली चूक किंवा 'रेफरन्सेस'च्या यादीत 'मिसिंग' अशी खूण असलेली लायब्ररी यांच्यामुळे निरपराध बटणे अडलेली पुष्कळदा सापडतात.

सगळेच गोठल्यासारखे वाटते तेव्हा

कुठेही क्लिक केले की फक्त 'टण' असा आवाज येतो आणि काहीच होत नाही, असे असेल तर एखादा 'मोडल' फॉर्म कुठेतरी उघडा आहे आणि तो बंद झाल्याशिवाय ॲक्सेस दुसऱ्या कशालाही हात लावू देणार नाही. तो फॉर्म दुसऱ्या खिडकीमागे असतो, किंवा पूर्वी जोडलेल्या आणि आता काढलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागी, म्हणजे पडद्याबाहेर, उघडलेला असतो. 'ऑटो सेंटर' ही प्रॉपर्टी 'येस' ठेवली की ही शक्यता बरीच कमी होते. आवाजही येत नसेल आणि माउसचे चक्र फिरत असेल, तर कोड एखाद्या न संपणाऱ्या फेऱ्यात असू शकतो. कंट्रोल आणि ब्रेक या कीज एकत्र दाबून तो थांबवता येतो. कोडने 'एको' बंद करून पडदा ताजा होणे थांबवले आणि ते पुन्हा चालू करण्याआधीच कोड चुकून बाहेर पडला, तर आत सारे चालू असूनही पडदा जुनाच दिसत राहतो.

एकाच फाइलवर अनेकजण काम करत असतील, तर रेकॉर्डच्या डाव्या कडेची खूण पाहावी. पेन्सिल म्हणजे आपण बदल करीत आहोत, आणि आडवी रेघ मारलेले वर्तुळ म्हणजे तो रेकॉर्ड दुसऱ्याच्या हातात आहे. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला लिहिण्याची परवानगी लागते, कारण ॲक्सेसला फाइलशेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार करावी लागते. नेटवर्कवर केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या माणसाला सगळेच फॉर्म बंद पडलेले वाटतात आणि शेजारच्या संगणकावर तेच फॉर्म उत्तम चालत असतात.

'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' हा उपाय मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे. फाइल खरोखर बिघडली असेल तर तो उपयोगी पडतो आणि त्याआधी फाइलची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. पण वर सांगितलेल्यांपैकी कोणत्याही कारणासाठी तो चालवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. फाइलच्या बिघाडाचीच शंका असेल, तर नवी कोरी ॲक्सेस फाइल उघडून त्यात जुन्या फाइलमधल्या सर्व वस्तू इंपोर्ट करून पाहाव्यात. जुन्या फॉर्मवरचे कॅलेंडर उठत नसेल, तर बिघाड शोधण्यात वेळ घालवू नये : ते ॲक्टिव्हएक्स (बाहेरून जोडलेला घटक) कॅलेंडर ॲक्सेस २०१० पासून मिळेनासे झाले आहे आणि तारखेच्या रकान्याला ॲक्सेसचा स्वतःचा तारीख-निवडक २००७ पासून उपलब्ध आहे. लिबरऑफिसच्या 'बेस' या डेटाबेसमध्ये काम करणाऱ्यांनी सर्वांत आधी 'डिझाइन मोड' चालू राहिला आहे का ते पाहावे, कारण त्या अवस्थेत क्लिक केल्यावर बटण दबत नाही, निवडले जाते. आणि टेबलाला प्रायमरी की नसेल तर बेसही त्यात लिहू देत नाही.

देवघेव विभागातल्या बाईंनी आता काउंटरच्या खणात एक वही ठेवली आहे. काही अडले की फोन करण्याआधी कर्सर आत जातो का, टाइप होते का, तळाच्या पट्टीवर काय लिहिले आहे आणि एंटरने काय होते, एवढे त्या लिहून काढतात. एका १ एप्रिलला त्यांचा फोन आला. "वर्गणीचा फॉर्म उघडतो, पण वरची निळी पट्टी सोडली तर सगळा कोरा आहे. एक चौकोन दिसत नाही. मेसेज काही नाही." एवढ्यावरून जागा सापडली. फॉर्मची क्वेरी चालू आर्थिक वर्षाच्या पावत्याच आणत होती, नव्या वर्षाची पहिली पावती अजून फाडायची होती, आणि फॉर्मवर 'अलाउ ॲडिशन्स' 'नो' होते. दाखवायला एकही रेकॉर्ड नाही आणि नवा घालायची परवानगी नाही, अशा वेळी ॲक्सेस फॉर्मचा मधला भाग कंट्रोलसकट कोरा करून टाकतो. माथ्याची पट्टी तेवढी राहते. बाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे डिझाइन व्ह्यू उघडला, 'डेटा' टॅबवर ती एक प्रॉपर्टी 'येस' केली, फॉर्म पुन्हा उघडला आणि पावती क्रमांक १ टाइप करायला घेतला.